रानातले टोस्ट आणि कॅनमधले दूध

रानात जेवायला बसले की साधी कांदाभाकरही दोन घास जास्त जाते, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगायला नको. हुरडा रानातच खावा, मक्याची कणसे बांधावरच भाजावीत, हरभऱ्याचा हावळा काटक्या पेटवून तिथल्या तिथे करावा आणि काळ्या हातांनी सोलून खावा. या यादीत गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत आमच्या घरी एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. चीज घालून निखाऱ्यावर भाजलेला पाव, म्हणजे मुंबईची मुले ज्याला टोस्ट सँडविच म्हणतात तो. नाव ऐकून काही भगिनी नाक मुरडतील. "हे शहरी थेर रानात कशाला?" असे आमच्या आळीतही एक-दोघींनी विचारलेच. पण हा पदार्थ करता करता ज्या गोष्टी कळल्या, त्यातल्या काही चुलीच्या आहेत आणि काही गोठ्याच्या. म्हणून लिहायला बसले.

आमचे गाव आंबेगाव तालुक्यातले. इकडच्या बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी मुंबईला असते. आमचे धाकटे भाऊजीही तिकडेच. परीक्षा संपल्या की जाऊबाई मुलांना घेऊन महिनाभर गावी येतात. तेव्हा आमची उन्हाळी कांद्याची काढणी आटोपत आलेली असते, बराखी भरायच्या असतात, आणि घरची सगळी माणसे दिवसभर रानातच असतात. मुले घरी एकटी काय करणार? तीही येतात. पहिले दोन दिवस विहीर, झाडावरच्या कैऱ्या, गाईचे वासरू यांत जातात. तिसऱ्या दिवशी त्यांना मुंबईच्या खाण्याची आठवण होते.

अशीच आठवण काढून पुतणी रडकुंडीला आली, तेव्हा भाऊजींनी पुढच्या खेपेला येताना एक वस्तू आणली. दोन चौकोनी, आतून खोलगट पाळी, एका बाजूला बिजागरीने जोडलेली. दोन्हींना हातभर लांब दांडे, दांड्यांना लाकडी मुठी आणि मुठींजवळ अडकवायला एक कडी. पाळ्यांमध्ये भरलेला पाव ठेवायचा, कडी लावायची आणि विस्तवावर धरायचे. वीज नको, गॅस नको. मुंबईत फुटपाथवरच्या सँडविचवाल्याकडे हाच हाताचा टोस्टर असतो. पूर्वी तो सर्रास कोळशाच्या शेगडीवर भाजून देई, आता बहुतेक जण गॅस वापरतात. बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट यांच्या चकत्या, हिरवी चटणी, वरून मसाला आणि सांगाल तर किसलेले चीज. कचेरीत जाणारा माणूस त्यावर दुपार काढतो. अमेरिकेतही रानात राहुटी ठोकून राहणारे लोक असाच लांब दांड्यांचा लोखंडी साचा शेकोटीत धरून पाव भाजतात. म्हणजे हे उघड्यावरचेच खाणे आहे. आपल्या रानात ते आले तर परके वाटायचे कारण नाही.

आता कृतीकडे वळते. यात पाककौशल्यापेक्षा विस्तवाचे ज्ञान जास्त लागते, आणि ते आपल्या बायकांना शिकवावे लागत नाही. जाऊबाईंनी गॅसच्या सवयीने टोस्टर थेट ज्वाळेवर धरला. मिनिटभरात पाव बाहेरून कोळसा आणि आतले चीज जसेच्या तसे थंड. सासूबाई बाजूला कांदा काटत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, भाकरी जाळावर शेकत्यात व्हय? आधी इंगळ पडू दे."

खरे गमक तेच आहे. तुराट्यांनी जाळ धरावा, पण भाजायला बाभळीचे लाकूड हवे. बाभळीचे निखारे जड असतात, ताव धरून ठेवतात आणि धूर कमी करतात. तीन दगडांची चूल वाऱ्याकडे पाठ करून मांडावी, लाकूड जळून लाल निखारे होईपर्यंत धीर धरावा, मग वरची राख थोडी झटकून निखारे सारखे पसरावेत. तळवा वीतभर उंचीवर धरून चार-पाच आकडे मोजता आले की ताव बरोबर आहे असे समजावे. त्याआधीच हात ओढून घ्यावा लागला तर अजून थांबावे.

सरपणाबद्दल आणखी एक सांगते. बांधावरची वाळकी काटकी दिसली की चुलीत घालायची सवय असते, पण कण्हेर कधीही जाळू नये, आणि तिची काडी तर अन्नात खुपसूच नये. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते, म्हणून तीही दूरच बरी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी निखाऱ्यावर ठेवून तिच्यावर भाजू नये. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत, हे तर सांगायलाच नको. पण मुले बरोबर असली की ती काय उचलून आणतील याचा नेम नसतो, म्हणून पुन्हा सांगितले.

विस्तवाजवळ पाण्याने भरलेली एक बादली असावीच. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो आणि उसाच्या पाचटाला एक ठिणगी पुरते. आम्ही विहिरीजवळच्या मोकळ्या, नांगरलेल्या तुकड्यात चूल मांडतो, उसापासून चांगले लांब. आणि आमच्या भागात दुसरे एक भय आहे ते बिबट्याचे. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात उसाच्या फडातच त्यांचा संसार झाला आहे. शहरातले लोक शेकोटीचे खाणे रात्री करतात, चांदणे पाहतात. आम्हाला ती चैन नाही. चार वाजता चूल पेटते आणि दिवस मावळायच्या आत विस्तवावर पाणी पडून मुले घराकडे निघालेली असतात.

पाव तालुक्याच्या बेकरीतून येतो. अगदी ताजा नको, आदल्या दिवशीचा बरा. ताजा पाव मऊ असतो, दाबला की त्याचा लगदा होतो. भाजी घरचीच. सातगाव पठारावरचा बटाटा आमच्या तालुक्याची शान. चुलीच्या कडेच्या राखेत तो आधीच पुरून ठेवावा, उकडण्यापेक्षा चवीला सरस लागतो. टोमॅटो तर त्या साली घ्या म्हणून सांगायची वेळ होती. नारायणगावच्या बाजारात भाव पडला होता आणि झाडावरचा माल तोडायची मजुरीसुद्धा निघत नव्हती. टोमॅटोच्या बिया आणि पाणी काढून टाकावे, नाही तर पाव भिजून फाटतो. कांदा पातळ चिरावा. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण आणि लिंबू यांची चटणी पाट्यावर वाटून न्यावी. मीठ चटणीत असते तेवढेच पुरे, कारण चीज मुळातच खारट असते. चीज किसून वर-खाली दोन्ही पावांना लागेल असे घालावे, म्हणजे वितळल्यावर तेच सगळे चिकटवून धरते. दोन्ही बाजू मिळून चार-पाच मिनिटे लागतात. मधून कडी उघडून बघायला हरकत नाही.

पावाला बाहेरून लोणी लावले की तो खरपूस होतो. तिथेच पहिली अडचण आली. जाऊबाई सहज म्हणाल्या, "वहिनी, घरचं लोणी आणलंय ना?"

घरात दोन संकरित गाई. दोन्ही वेळचे मिळून बावीस लिटर दूध. आणि लोणी नाही. चहापुरते अर्धा लिटर ठेवून बाकी सगळे दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जाते. ताक होत नाही, लोणी निघत नाही, तूप सणाला दुकानातून येते. आमच्याच घरची ही गोष्ट आहे असे नाही, आळीतली बहुतेक घरे अशीच आहेत. मी काही न बोलता तेलाची बाटली पुढे केली. शेंगदाण्याच्या तेलावरही टोस्ट चांगला होतो, तो झालाही. सासूबाई मात्र कांदा काटायची थांबल्या होत्या.

टोस्टर एकच आणि एका वेळी त्यात एकच सँडविच. घरची सात माणसे, कांदा काटायला आलेल्या सात जणी. एकेक भाजत बसले असते तर दिवस मावळला असता. म्हणून दुसऱ्या चुलीवर भाकरीचा लोखंडी तवा ठेवला, त्यावर दोन-दोन पाव मांडले, वर एक ताटली पालथी घातली आणि तिच्यावर धुतलेला दगड ठेवला. दाबून भाजायचे काम दगडही करतो. तव्यावरचे टोस्ट हातटोस्टरपेक्षा काही कमी उतरले नाहीत. फक्त कडा बंद होत नाहीत, त्यामुळे बटाटा थोडा बाहेर येतो.

कामाच्या बायकांना आधी संकोच वाटला. एकीने तोडलेला घास वर ओढला, तशी चीजची तार लांबत गेली आणि सगळ्या हसायला लागल्या. "ह्ये चिकासारखं काय गं?" म्हणून विचारू लागल्या. दुसरीने अर्धा टोस्ट पदराच्या टोकाला बांधला. लेकरासाठी, हे कोणी विचारले नाही. मी तिला आणखी एक करून दिला.

सासूबाई माळकरी आहेत. त्यांनी खायच्या आधी विचारले, "ह्ये कशाचं करत्यात?" प्रश्न बरोबर होता, आणि प्रत्येक माळकरी घरात तो विचारला जाईल, म्हणून नीट सांगते.

चीज म्हणजे दुधाचाच घट्ट भाग. दूध कोमट असताना त्यात आधी विरजणासारखे जंतू घालतात आणि मग ते गोठवणारे एक द्रव्य घालतात. दूध गोठले की दह्यासारख्या त्या थराचे बारीक तुकडे करून पाणी काढून टाकतात, मीठ घालून दाबतात आणि काही आठवडे किंवा महिने थंड जागेत मुरवतात. परदेशात पूर्वापार हे गोठवणारे द्रव्य वासराच्या जठरातून काढीत. माळकऱ्याला ते चालणार नाही हे उघड आहे. आपल्या देशात मात्र बुरशीसारख्या सूक्ष्म जिवांपासून तयार केलेले द्रव्य वापरून चीज करतात, आणि तशा पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. ठिपका बघून घ्यावा, एवढेच. पुतण्याने पाकीट आजीच्या डोळ्यांजवळ नेऊन तो दाखवला. मग त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "खारं हाय. पण दुधाचंच हाय."

बाजारात चौकोनी तुकड्यांत किंवा डब्यात मिळते ते प्रक्रिया केलेले चीज. मुरलेले चीज किसून, त्यात काही क्षार घालून, तापवून पुन्हा साच्यात ओतलेले. त्या क्षारांमुळे ते तापले तरी त्यातले तूप वेगळे होत नाही, सारखे वितळते. टोस्टला तेच सोयीचे. उघडलेले पाकीट रानात टिकत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत, मडक्याच्या शेजारी ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

एक प्रश्न पुष्कळ जणी विचारतात. घरी दूध आहे, तर लिंबू पिळून नासवले आणि पनीर केले तर चीजच्या जागी चालेल का? चव चांगली लागते, पण ते वितळत नाही. कितीही भाजा, पनीर कडक होत जाईल, तार धरणार नाही. दूध उकळून आंबटाने फाडले की त्यातला चुना पाण्याबरोबर निघून जातो आणि कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. चीजमध्ये चुना बराच टिकून राहतो, आणि ताव लागला की कणांची पकड सैल होऊन ते वाहू लागते. म्हणून मी एक तडजोड काढली आहे. म्हशीच्या एक लिटर दुधाचे साधारण २०० ग्रॅम पनीर पडते. ते कुस्करून त्यात चीजचे दोनच तुकडे किसून घालावेत आणि मिरची-कोथिंबीर मिसळावी. चीज चिकटपणा देते, पनीर पोट भरते. खर्च निम्म्याहून कमी होतो आणि मुलांना फरक कळत नाही. पुतणीला कळला, पण तिने दुसरे मागितले.

सगळ्यात चांगला टोस्ट मात्र पावाचा झालाच नाही. पाव संपला तेव्हा पाटीत ज्वारीच्या चार भाकरी उरल्या होत्या. सासूबाईंनी एक भाकरी घेतली, तिचा पापुद्रा कडेने अलगद सोडवला, आत लसणाची लाल चटणी पसरली, वर चीजचा कीस भुरभुरला, पापुद्रा मिटवला आणि भाकरी चिमट्याने निखाऱ्यावर धरली. वरून भाकरी कडक, आत चटणीत मिसळलेले वितळते चीज. चीजचा खारेपणा आणि ज्वारीची गोडी यांचे जे जमते ते मैद्याच्या पावाशी जमत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. भाजताना भाकरी अर्ध्यात दुमडू नये, मोडते. पापुद्रा न सुटलेली, जाड थापलेली भाकरी याला निरुपयोगी. आता मुले मुंबईला गेल्यावर आम्ही हेच करतो, पाव आणतच नाही.

हे चाललेले असताना पुतण्याने तोंडात घास असतानाच विचारले, "काकू, तुमच्याकडे एवढं दूध असतं, तर तुम्ही रोज चीज खात असाल ना?"

कांदा काटणाऱ्या बायका हसल्या. हे गप्प राहिले. मुलाला काय उत्तर द्यावे ते कोणालाच सुचले नाही. माझा मुलगा शेजारीच होता, त्याने चीज त्या दिवशी दुसऱ्यांदा खाल्ले होते.

रात्री मी हिशेब मांडला. गाईच्या साधारण दहा लिटर दुधातून एक किलो चीज निघते. २०० ग्रॅमच्या पाकिटात आठ तुकडे, म्हणजे एक तुकडा २५ ग्रॅमचा. एका तुकड्यात पाव लिटर दूध. आम्ही दोन पाकिटे संपवली, म्हणजे चार लिटर दूध रानात बसून खाल्ले. त्याच सकाळी आमच्या कॅनमधून अकरा लिटर दूध गेले होते. दोन पाकिटांना आम्ही मोजलेले पैसे आणि चार लिटर दुधाचे आम्हाला मिळणारे पैसे शेजारी शेजारी लिहिले, तर पाकिटांचे पैसे दुपटीच्या आसपास आले. यात कोणी लुबाडले असे मला म्हणायचे नाही. मुरवायला महिने लागतात, थंड कोठारे लागतात, वाहतूक, कामगार, सगळे लागते. आमच्या तालुक्यातच मंचरला चीज करणारा मोठा कारखाना आहे आणि त्यामुळे दुधाला गिऱ्हाईक टिकून राहिले आहे, हेही खरे. पण गोठ्यातले शेण काढणारीने एकदा हा हिशेब स्वतःच्या हाताने मांडून पाहावा, असे मला वाटते.

या चीजमागे शेतकऱ्यांचीच एक मोठी गोष्ट आहे. १९४६ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी व्यापारी ठरवील त्या भावाने दूध घालायचे नाकारले आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने आणंदला आपला संघ काढला. तोच पुढे अमूल म्हणून प्रसिद्ध झाला. १९४९ साली तेथे वर्गीस कुरियन आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असे परदेशी जाणकार म्हणत होते. संघातल्या ह. म. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ मध्ये कारखाना सुरू झाला. पुढे म्हशीच्या दुधाचे चीजही तेथेच होऊ लागले. त्या चळवळीवर १९७६ साली श्याम बेनेगलांनी 'मंथन' चित्रपट काढला, त्याचे पैसे गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभे केले होते. आपली स्मिता पाटील त्यात आहे. मुलांना दाखवावा असा आहे.

१९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली आणि तेच सूत्र देशभर नेण्याचा प्रयत्न झाला. गावोगाव संकलन केंद्रे झाली, बाईच्या हातात आठवड्याला रोख पैसा येऊ लागला. हा फायदा लहान नाही. आमच्या मुलीचे शिक्षण दुधावर झाले आहे. परंतु त्या योजनेवर त्या काळीही एक टीका होत असे, की दूध शहराकडे वाहू लागले आणि दूध काढणाऱ्याच्या घरातली मुले कोऱ्या चहावर आली. तेव्हा ही टीका कोणी मान्य केली, कोणी खोडून काढली. त्या वादात मी पडत नाही. आमच्या घरात लोणी नव्हते, एवढे मला ठाऊक आहे.

सासूबाईंचे म्हणणे वेगळेच होते. त्या म्हणाल्या, "आमच्या येळंला एकच गावरान गाय होती. दोन शेर दूध द्यायची. पर घरात ताक असायचं. शेजारीण तांब्या घेऊन आली तर मोकळी जात नव्हती." यावर हे म्हणाले, "आई, तवा हप्ते नव्हते."

तेही खरेच. दुसरी गाय कर्जाने घेतलेली आहे. सरकी पेंडेचे पोते आणायचे तर दुधाच्या पगारातूनच येते. कॅनमध्ये फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लागले तर ठरलेला भाव, खाली गेले की कात्री. या हिशेबात अर्धा लिटरसुद्धा इकडचे तिकडे करताना जीव धास्तावतो. म्हणून 'घरात दूध ठेवा' असे सांगणाऱ्या व्याख्यानांचा मला राग येतो. सांगणाऱ्याच्या घरी गाय नसते.

तरीही त्या उन्हाळ्यानंतर आम्ही एक केले. संध्याकाळच्या धारेतले एक लिटर दूध कॅनमध्ये ओतायच्या आधीच सासूबाई चरवीत काढून घेतात. एकदा कॅनचे झाकण लागले की दूध मागे घ्यायला मन होत नाही, म्हणून आधी. ते चांगले उकळायचे. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून मुलांना देण्याची जुनी रीत आहे, पण कच्च्या दुधातून जनावरांचे रोग माणसाला लागतात, तेव्हा उकळी आलीच पाहिजे. अर्धे दूध मुलांच्या पेल्यांत जाते. उरलेल्याला विरजण लागते, आणि रोजची साय बाजूला साठवली की आठवड्यातून एकदा घुसळण होते. रवी माळ्यावर होती, तिची दोरी उंदरांनी खाल्ली होती, ती नवी केली. निघते ते लोणी गाईचे, मूठभर. पण ताक सगळ्यांना पुरते. कांदा काटायच्या दिवसांत कामाच्या बायकांनाही तांब्याभर मिळते, आणि उन्हातल्या त्या तांब्याची किंमत टोस्टपेक्षा जास्त आहे हे त्यांनीच मला सांगितले.

गेल्या मे महिन्यात जाऊबाईंनी रानात पुन्हा लोण्याची चौकशी केली. मी केळीच्या पानात बांधून नेलेला गोळा काढून दिला. त्यांनी पावाला लावला, पुतण्याने टोस्टर धरला. आता त्याला निखारा कळतो, ज्वाळेवर नेत नाही.

हे अजून पूर्ण राजी नाहीत. रोजचे एक लिटर म्हणजे महिन्याला तीस लिटर, हजारभर रुपयांचा फरक, आणि तो पगाराच्या पावतीवर दिसतो. त्यांनी दुधाच्या वहीत 'घर' म्हणून एक वेगळा रकाना आखला आहे आणि त्यात रोज एक लिटर लिहितात. पावसाळ्यात हिरवी वैरण झाली, दूध वाढले, की दोन लिटर ठेवू, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. हे म्हणतात, आधी दुसऱ्या गाईचा हप्ता फिटू दे. अजून अकरा हप्ते राहिले आहेत.